ओसरीवरचा मोबाईल

धानाची कापणी सुरू झाली की पवनीकडच्या आमच्या गावात संध्याकाळी कोणी कोणाकडे फारसे फिरकत नाही. त्या दिवशी मात्र शेजारची नववीतली मुलगी आली आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसली. "बाई, चक्कर येते," एवढेच म्हणाली.

हळूहळू सारे कळले. मोबाईलवरच्या एका चित्रफितीत भात सोडला की बांधा सडपातळ होतो असे सांगितले होते. तिने पंधरा दिवस दुपारचे जेवणच सोडले होते. शाळेतल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन 9 निघाले होते. या वयात ते किमान 12 हवे. दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती दप्तरात साठवीत होती. गोळीने शौचाला काळे होते, म्हणून ती घाबरली होती. हे आईला विचारायची तिला लाज वाटत होती.

मी रागावणार होते. पण मला माझेच बालपण आठवले. आम्ही तरी कोठे विचारत होतो? वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांतील 92 जणींना स्त्रीरोग आढळले. त्यांपैकी फारच थोड्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. एवढे दुखणे आमच्या पिढीने मुकाट्याने सोसले होते.

तिच्या हातचा मोबाईल काढून घेणे सोपे होते. मी म्हटले, "चल, दोघी मिळून शोधू." डॉ. श्याम अष्टेकर यांचे 'आरोग्यविद्या' हे मराठी संकेतस्थळ मला ठाऊक होते. तेथून सुरुवात करून आम्ही वाचत गेलो. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग बदलतो, त्यात अपाय नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. जेवणात लिंबू पिळले की अन्नातले लोह अंगी अधिक लागते. जेवणालगतचा चहा ते अडवतो. 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या, हे वाचून ती म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही."

एक गोष्ट मात्र मोबाईल सांगू शकत नव्हता. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे, आणि त्यातही रक्त कमी होते. तिचे रक्त नेमके कशामुळे कमी, हे तपासणीवाचून कळणार नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला सोबत घेऊन आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. वाटेत आई हळूच म्हणाली, "बाई, मलाही चक्कर येते." दोघींचे रक्त तपासायला दिले.

आता शनिवारी चार मुली ओसरीवर येतात. चित्रफीत लागली की मी आधी विचारते, "हे सांगणारा कोण? तो काही विकतो आहे का?" जे मला उमगत नाही ते वहीत टिपून नर्सताईंना विचारते.

वाचक भगिनींनो, मोबाईल आज आपल्या मुलींच्या हाती आलाच आहे. एखाद्या संध्याकाळी तिच्या शेजारी जाऊन बसा. ती काय शोधते आहे ते विचारा, आणि उत्तर ऐकून रागावू नका.