आमची त्रिविध शर्यत

'ट्रायथलॉन' हा शब्द उच्चारताना आमच्या घरातील वडील मंडळींची जीभ अद्याप अडखळते. वस्तुतः तो आपणांस तितकासा परका नाही. ग्रीक भाषेत 'त्रि' म्हणजे तीनच, आणि 'आथ्लोस' म्हणजे झुंज. पैकी पहिले पद संस्कृतातील 'त्रि'चे सख्खे भावंड होय. तेव्हा तीस आम्ही 'त्रिविध शर्यत' म्हटल्यास कोणाची हरकत नसावी. आधी पोहावयाचे, मग सायकल चालवावयाची, मग धावावयाचे. मध्ये विसावा नाही. घड्याळ आरंभापासून चालू असते आणि ओले अंग घेऊन सायकलीपाशी पोहोचण्यास लागणारी मिनिटेही हिशेबात धरली जातात.

हा खेळ फार जुना नाही. या नावाची पहिली शर्यत 25 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेत सॅन डिएगो येथील मिशन बे या खाडीवर झाली. तीत 46 जण उतरले होते. पुढे 1978 साली हवाईत याच कल्पनेचा अतिरेक करण्यात आला. सुमारे पावणेचार किलोमीटर समुद्रात पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर अखंड मॅरेथॉन! त्या वर्षी 15 जण निघाले व 12 जण शेवटास पोहोचले. आमचा विषय तो नव्हे. आम्ही उतरलो ती लहान पल्ल्याची शर्यत: 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणे. सन 2000 मध्ये सिडनी येथे ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तेथील वैयक्तिक शर्यतीचे अंतर याच्या बरोबर दुप्पट असते.

साठी उलटल्यावर हे खूळ कोठून आले, असे वाचक विचारतील. त्यासाठी आमच्या गावच्या नदीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमचे घर सांगलीस, घाटापासून हाकेच्या अंतरावर. पाठीस भोपळा बांधून आम्ही कृष्णेत पोहावयास शिकलो, आणि पुढे उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या विद्यार्थ्यांनाही शिकविले. नदी आम्हांस घरच्या माणसासारखी होती. परंतु 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांपर्यंत चढली आणि आमच्या माडीच्या जिन्याची एकेक पायरी आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. दोन रात्री माडीवर काढल्या. तिसऱ्या दिवशी सज्जातून दोर लावून आमच्या वृद्ध काकूंना नावेत उतरविले. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून माणसे बुडाल्याचे वर्तमान आमच्या कानी आले. नाव गल्लीतून चालली असता काकू आमचे मनगट धरून डोळे मिटून बसल्या होत्या. आमचे डोळे उघडे होते, आणि खालचे तपकिरी पाणी आम्हांस ओळख देत नव्हते.

त्यानंतर आम्ही घाटावर जात असू, पळीभर पाणी अंगावर घेऊन परत येत असू. पात्रात उतरलो नाही. याची वाच्यता आम्ही कोणापाशी केली नव्हती. आमच्या पुतण्याने मात्र ते ओळखले असावे. तो पेशाने इंजिनियर; गोव्यास मिरामार किनाऱ्यावर 2019 च्या ऑक्टोबरात झालेली अर्ध्या पल्ल्याची शर्यत त्याने पुरी केली होती. एका रात्री जेवणे आटोपल्यावर तो म्हणाला, "काका, कोल्हापुरास राजाराम तलावावर लहान शर्यत आहे. तुमचे नाव घालू का?" माजघरात क्षणभर स्तब्धता पसरली. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, सायकल काय ती चालवा. पाण्याचे नाव काढू नका." आमचे धाकटे बंधू हिशेबी. त्यांनी प्रवेशाचे शुल्क विचारले आणि तेवढ्यात घरची महिन्याची डाळ येईल असे सांगितले. अखेर हृदयाची तपासणी चालत्या पट्ट्यावर करून घ्यावी, डॉक्टरांनी होकार दिल्यासच पुढे जावे, आणि छातीत यत्किंचितही दुखल्यास पाण्यात हात वर करून होडी बोलवावी, या अटींवर परवानगी मिळाली. तिन्ही अटी सौ.नी आमच्याकडून दोनदा वदवून घेतल्या.

तयारीस चार महिने मिळाले. धावण्याचा आरंभ चालण्याने केला. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे करीत मजल पाच किलोमीटरांवर गेली. सूर्यनमस्कारांची सवय उपयोगी पडली असे आमचे मत आहे, पुतण्याचे तसे नाही. पोहणे जलतरण तलावात चाले. आमचे नदीवरचे पोहणे म्हणजे डोके सदैव पाण्याबाहेर. त्याने मान अवघडते आणि पाय खाली बुडतात. तोंड पाण्यात ठेवून तेथेच श्वास सोडावयाचा आणि कुशीवर वळून घ्यावयाचा, हे साठीनंतर शिकणे म्हणजे पाठ झालेले शब्दरूप नव्या क्रमाने म्हणण्यासारखे आहे. सायकलीचा प्रश्नच नव्हता. ज्या सायकलीवरून तीस वर्षे शाळेत गेलो तीच आम्ही नेणार होतो. पुतण्याने तिचे कॅरिअर, स्टँड व मडगार्ड उतरविले. घंटी तेवढी आम्ही काढू दिली नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचास तलावावर हजर झालो. दंडावर व पोटरीवर काळ्या शाईने क्रमांक लिहिला गेला, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली गेली. सायकली टांगण्याच्या जागी काही लाखांची यंत्रे ओळीने झुलत होती. त्यांमध्ये आमची सायकल लग्नघरात आलेल्या जुन्या आचाऱ्यासारखी दिसे. तपासनीस तरुणाने ब्रेक दाबून पाहिले, हँडलच्या टोकांना बुचे आहेत याची खात्री केली, आणि घंटी एकदा वाजवून हसून पुढे गेला. नियम कडक होते. शिरस्त्राणाचा पट्टा बांधल्याखेरीज सायकलीस हात लावावयाचा नाही. आखलेली रेघ ओलांडल्यावाचून तीवर बसावयाचे नाही. पुढच्याच्या पाठीशी चिकटून त्याच्या आडोशाने जावयाचे नाही. बाहेरच्या कोणाची मदत घ्यावयाची नाही. शिस्तीचे हे कौतुक आमच्यातील मास्तरास फार भावले.

पोहणे आरंभी ठेवण्यात शहाणपण आहे. थकलेला धावणारा रस्त्याकडेला बसू शकतो. थकलेल्या पोहणाऱ्यास बसावयास जागा नसते. पिवळ्या टोप्या घालून आम्ही पन्नाशीपुढील मंडळी एकत्र उतरलो. पाणी गार होते. शिट्टी झाली आणि पहिल्या पन्नास हातांतच कोणाची टाच आमच्या चष्म्यावर बसली. जलतरण तलावाच्या तळाशी वाट दाखविणारी काळी पट्टी असते. येथे खाली पाहावे तो हिरवट अंधार. दिशा चुकू नये म्हणून मधूनमधून डोके उचलून दूरचा नारिंगी फुगा शोधावा लागे. अशाच एका वेळी नाकात गढूळ पाण्याचा वास गेला, आणि तत्क्षणी आम्ही राजाराम तलावात नव्हतो. आमच्या गल्लीत होतो, आणि खाली आमच्याच जिन्याच्या पायऱ्या होत्या.

श्वास आत जाईना. वस्तुतः तो बाहेर जात नव्हता, हे आता शांतपणे सांगता येते. गार पाण्याचा धक्का आणि मनाची घाई यांमुळे माणूस भराभर श्वास घेतो व पुरता सोडीत नाही. छाती भरलेलीच राहते, तीत नवी हवा मावत नाही, आणि गुदमरल्याचा भास होतो. नवख्या पोहणाऱ्यांस मोकळ्या पाण्यात हे पुष्कळदा होते. उताणे वळून जवळच्या कयाकची कड आम्ही धरली. होडी पुढे सरकत नसेल तर तीस धरून विसावणे नियमास धरून आहे. वल्हे धरलेली मुलगी आमच्या नातीच्या वयाची असेल. तिने विचारले, "आजोबा, बाहेर नेऊ का?"

सौ.ना दिलेले वचन आठवले, आणि आम्ही मनाशी खरीखुरी तपासणी मांडली. छातीत दुखते काय? नाही. हात बधिर होतो काय? नाही. डोके फिरते काय? नाही. मग हे काय आहे? हे भय आहे. आणि भयासाठी हात वर करण्याची अट तहात घातलेली नव्हती. दुखते आहे असे एक वेळ वाटले असते तरी आम्ही होडीत बसलो असतो, आणि त्यात आम्हांस काही कमीपणा वाटला नसता. आम्ही ओठ चंबूसारखे करून दहा वेळा सावकाश श्वास सोडला. "नको बाळ," असे म्हणून कड सोडली, आणि नवी विद्या बाजूस ठेवून बेडकासारखे हातपाय मारीत जुन्याच पद्धतीने निघालो. फुग्याला वळसा घालताना पूर्वेकडून ऊन आले. काठाला पाय टेकला तेव्हा 27 मिनिटे झाली होती, आणि मागे आणखी चार पिवळ्या टोप्या होत्या.

पुढचे काम त्या मानाने प्रपंचातले. वस्त्रे बदलावयाची नसतात. एकाच आखूड पोशाखात तिन्ही अंगे पार पाडावयाची. ओलेत्याने प्रदक्षिणा आपल्याकडे नवी नाही, ओलेत्याने सायकल मात्र आम्ही प्रथमच चालविली. वीस किलोमीटरांत चढ आले, समोरचा वारा आला, आणि लाखमोलाची यंत्रे सरसर करीत उजवीकडून गेली. प्रत्येकास आम्ही घंटी वाजवून वाट दिली. 62 मिनिटे लागली.

खरा चमत्कार सायकलीवरून उतरल्यावर. तासभर बैठकीवर भार टाकून गोल फिरलेल्या मांड्यांवर एकाएकी सगळ्या देहाचे ओझे येते, आणि पाय आपले नसून शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखे वाटतात. पुतण्याने आधीच बजावले होते की लांब पावले टाकू नयेत. आम्ही तुरुतुरु पावलांनी निघालो, आणि दीड किलोमीटरानंतर पाय घरी आले. पाच किलोमीटर 41 मिनिटांत झाले. बदलाबदलीची सात मिनिटे धरून एकूण 2 तास 17 मिनिटे. या खेळातील निष्णात मंडळी एवढेच अंतर तासाच्या आत उरकतात, हे सांगितलेले बरे.

शेवटच्या रेघेवर सौ. उभ्या होत्या. त्यांनी प्रथम आमच्या कपाळास हात लावून पाहिला, मग पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "आता पुरे हो." गळ्यात पदक पडले. शेवटास जाणाऱ्या प्रत्येकास एकसारखे पदक देण्याची चाल आम्हांस फारशी रुचत नाही. वर्गात सर्वांनाच पहिला क्रमांक दिल्यासारखे ते होते. तथापि धाकट्या नातवाने ते दोन दिवस गळ्यात घालून जेवण केले, त्यास आम्ही हरकत घेतली नाही.

घरी आल्यावर काकूंनी सर्व वृत्तांत मन लावून ऐकला. पाण्यात किती वेळ होतास, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. "आणि डोळे?" त्या म्हणाल्या. "मिटले होतेस की उघडे?" उघडे होते, असे आम्ही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत.

मंगळवारी पहाटे आम्ही पंचा घेऊन घाटावर गेलो. हिवाळ्यामुळे पात्र आक्रसले होते, पुलाचे खांब पुष्कळ उघडे पडले होते. दंडावरचा क्रमांक अद्याप धुऊन गेला नव्हता. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दहा वेळा सावकाश श्वास सोडला, आणि पुढे झालो.