बॉक्साइटच्या घरचा आश्रित

नागपूरच्या एप्रिलात गॅलियम हा धातू घट्ट राहायचा नाही. २९.८ अंशांना तो वितळतो, आणि तेवढी ऊब तर आपल्या तळहातातही असते. चांदीसारखा खडा मुठीत धरला की थोड्याच वेळात त्याचा थेंब होतो. असा हळवा, पण उकळायला दोन हजार अंशांहून जास्त आच लागते. ॲल्युमिनियमवर थेंब पडला, तर कणाकणांमधल्या सांध्यांत शिरून भक्कम पत्रा हाताने मोडेल इतका ठिसूळ करून ठेवतो.

वाढला मात्र तो ॲल्युमिनियमच्याच घरी. स्वतःची म्हणावी अशी खाण त्याला जवळजवळ नाहीच. कोल्हापूरकडच्या जांभ्या सड्यांवर ॲल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइट, निघतं. जगभरच्या अशा बॉक्साइटमध्ये टनामागे सरासरी पन्नासेक ग्रॅम, एवढंच त्याचं अस्तित्व. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून ॲल्युमिना काढतात. तेच द्रावण पुन्हा पुन्हा वापरताना त्यात गॅलियम साठत जातो. कुणी वेचला तर हाती येतो, नाहीतर त्यातला काही उरलेल्या लाल चिखलाबरोबर वाहून जातो. चीनने तो चिकाटीने वेचला. आज जगातला जवळजवळ सगळा नवा गॅलियम तिथला, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो परवान्याशिवाय बाहेर पडत नाही. बाकीच्यांनी इतकी वर्षं केलेलं दुर्लक्ष मला जास्त टोचतं.

कारण त्याची वाट पाहणारा माणूस त्याच्या जन्माआधीच होता. १८७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या आपल्या तक्त्यात ॲल्युमिनियमखालची जागा रिकामी ठेवली आणि संस्कृतातला 'एक' जोडून तिला 'एका-ॲल्युमिनियम' म्हटलं. चार वर्षांनी फ्रान्समध्ये ल्कोक द बुआबोद्राँ यांना पिरेनीजमधल्या जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन जांभळ्या रेषा दिसल्या. धातू मिळाला, घनता भरली ४.७. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं: ५.९ च्या आसपास हवी, नमुना पुन्हा शुद्ध करा. केला, आणि ५.९ भरली. ज्याने तो डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याची ओळख जास्त पक्की निघाली.

पुढे निळ्या एलईडीत तोच आला. त्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. मला मात्र इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालचा गॅलियम अधिक आठवतो. १९९१ पासून काही वर्षं तिथल्या टाकीत ३० टन गॅलियम द्रावणाच्या रूपात सूर्याच्या न्यूट्रिनोंची वाट पाहत होता. एखादा न्यूट्रिनो लागला की एका अणूचा जर्मेनियम होई. त्या ३० टनांतून संशोधक ते मोजके अणू शोधून काढत आणि एकेक करून मोजत.