सामानासकट

सरकारी भंगाराच्या लिलावाच्या जाहिरातीत एक ठरावीक वाक्प्रयोग असतो : 'जसे आहे, जेथे आहे'. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे, निकामी संगणक यांच्या यादीखाली हे शब्द मी इतक्या वेळा टंकलिखित केले आहेत की, त्यांना काही अर्थ असतो हेही विसरून गेलो होतो. तो अर्थ मला कळला, आमचे वाईचे घर विकण्याची वेळ आली तेव्हा.

वडील वारल्यावर आई माझ्याकडे दिल्लीस आली आणि कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावरील त्या घराला कुलूप लागले. सहा पावसाळे तसेच गेले. बंद घर उभे असते एवढेच. त्याला राखण म्हणता येत नाही. एका वर्षी कौले सरकली, दुसऱ्या वर्षी माजघराच्या तुळईला वाळवी लागली. बदलीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांच्या दूरध्वनीवरून घर सांभाळता येत नाही, हे माझ्या वाचकांना मी निराळे सांगायला नको.

विकावयाचे तर ठरले. पण आतल्या पसाऱ्याचे काय? आमच्या घरात तीन पिढ्यांनी काहीही टाकले नव्हते. 'असू दे, लागेल कधी तरी' हेच त्या घराचे ब्रीद. माळ्यावर तांब्याचा बंब, दोन घंगाळी, पाय मोडलेली घडवंची, लग्नकार्यातली तपेली. फडताळात जुनी पंचांगे आणि सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. कोपऱ्यात जाते, पाटा-वरवंटा, बिघडलेला दूरदर्शन संच आणि त्याच्यावर वडिलांच्या औषधांची खोकी. इंदूरच्या ताईचे म्हणणे होते, "घर धुऊनपुसून, मोकळं करून द्यायचं. आपला पसारा परक्यानं उचकावा, हे मला नाही बाई सहन व्हायचं." तिचे चुकत होते असे नाही. तिच्या मते ती घराची अखेरची आंघोळ होती.

माझ्यापुढे मात्र हिशेब होता. वर्षाच्या किरकोळ रजा आठ. त्यांतल्या चार नुसत्या जाण्यायेण्यात जाणार. सामान दिल्लीस आणावे, तर दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये ठेवणार कोठे? आणि खरी अडचण पुढेच होती. घर आवरणे म्हणजे झाडलोट नव्हे. प्रत्येक वस्तूवर निकाल देणे होय. कचेरीत हे सोपे असते. तेथे फायलींचे वर्ग ठरलेले. 'सी' वर्गातली फाईल जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवायची, मग तिची वाट मोकळी. पण आजोबांच्या पडशीचा वर्ग कोणता? वडिलांच्या चष्म्याच्या रिकाम्या घराची मुदत किती वर्षांची?

गिऱ्हाईक गावातलेच होते. त्या गृहस्थांनीच तोड सुचवली. "साहेब, मोकळं करायच्या भानगडीत पडू नका. तुमचे देव आणि कागद तेवढे घ्या. बाकीचं आहे तसं राहू द्या, आम्ही बघतो." अर्थात या 'बघण्या'चे मोल त्यांनी किमतीतून चाळीस हजार रुपये वजा करून घेतले. ताईला ते फार वाटले. मी आईला विचारले. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "भरल्या घरात मी आले, भरल्या घरातूनच बाहेर पडले. तू ते रिकामं करून मला येऊन सांगू नकोस." त्यावर ताईही काही बोलली नाही.

'आहे तसे' विकण्याचा अर्थ डोळे मिटून विकणे असा मात्र नव्हे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मोठी मौज आहे. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे घराबरोबर कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेल्या वस्तू आपोआप जातात. घंगाळे आणि पंचांगे जात नाहीत. म्हणून आतील जंगम सामानही दिले, असे वाक्य करारात निराळे घालून घेतले. त्याच कायद्याचे पंचावन्नावे कलम सांगते की, घरातला जो मोठा दोष आपणांस ठाऊक आहे, आणि गिऱ्हाइकाला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. तुळईवर वडिलांनी वरून फळी ठोकली होती. ती मी स्वतः उचकटून आतली वाळवी दाखवली. पसारा झाकला नाही, तर वाळवी तरी का झाकावी?

एक दिवस मात्र मी घरात एकटा बसून कागद वेचले. मालमत्ता पत्रक, जुनी खरेदीखते, वडिलांचा मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतनाचे कागद, बँकांची पासबुके. प्रत्येक गादीखाली आणि डब्यात हात घातला; कारण अशा घरांत कागद कपाटात कधीच नसतात. देवघरातले टाक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले. बाकी जेथे होते तेथे राहू दिले. चष्म्याचे घर उचलले होते; पुन्हा खुंटीखालच्या कोनाड्यात ठेवून दिले.

सरकारी नोकराला स्थावर विकण्यापूर्वी कचेरीस कळवावे लागते. तसे मी कळवले होते. त्या अर्जाची प्रत फाईलला लावताना माझी सेवापुस्तिका समोर आली. 'मूळ गाव : वाई, जिल्हा सातारा.' रजा-प्रवास सवलतीसाठी केलेली ही नोंद साऱ्या नोकरीत फार तर एकदाच, तीही सबळ कारण असेल तरच, बदलून मिळते. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याने विचारले, "घर गेलं, आता हे बदलणार का?" मी नाही म्हणालो. घर विकले आहे, गाव विकलेले नाही. आणि नियमालाही माझे गाव हवे आहे, त्या गावातले घर नव्हे.

ताईने पुढे कधीतरी विचारले, "त्यांनी आपल्या सामानाचं काय केलं रे?" मी चौकशी केलेली नाही. बंबात कोणाचे पाणी तापत असेल, किंवा तो मोडीत गेला असेल. आई मात्र अजून बोलता बोलता सहज सांगते, "जाते पडवीच्या उजव्या कोपऱ्यात आहे." ती 'होते' म्हणत नाही. रिकामे घर आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नसल्यामुळे तिला कोणी दुरुस्तही करत नाही.