पालीतली इटालियन गांधीलमाशी

हॉस्टेलवर नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न गावाचा. मी "पाली" म्हटलं की लगेच पुढचा, "म्हणजे अष्टविनायकातलं पाली का?" नाही हो! ते बल्लाळेश्वराचं पाली रायगड जिल्ह्यात. आमची पाली बीडची. बीडहून सोलापूरकडे निघालात की मांजरसुंब्याचा घाट लागायच्या आधी येणारी, बिंदुसरा धरणाजवळची. आमच्याकडे अष्टविनायक नाही, पण आमच्या घरात एक इटालियन बाई मुक्कामाला आहे. वय वर्षे चाळीस. नाव चेतक.

"चेतक इटालियन कशी? ती तर राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची!" असं म्हणाल. नाव आपलं, पण हाडं इटलीची. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पाँतेदेरा इथला पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानं कोण घेणार? मग लोकांना परवडेल अशी दुचाकी करायचं ठरलं आणि काम सोपवलं कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरवर. गंमत म्हणजे त्याला मोटरसायकल आवडतच नसे. चेनच्या वंगणाने कपडे खराब होतात, पंक्चर काढणं म्हणजे दिव्य, पाय टाकून बसावं लागतं. त्याने या एकेका तक्रारीला उत्तर शोधलं. चेन काढून टाकली आणि इंजिन, गिअरबॉक्स थेट मागच्या चाकापाशी आणले. गिअर हँडलवर घेतले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे नट काढले की चाक हातात! १९४६ साली ही गाडी आली. नाव व्हेस्पा, म्हणजे इटालियनमध्ये गांधीलमाशी.

पुढे पियाजिओच्या परवान्यावर बजाजने भारतात व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि १९७२ मध्ये त्याच घडणीवर बेतलेली चेतक आली. तेव्हा स्कूटर दुकानात जाऊन मिळत नसे, नंबर लावावा लागे. माझ्या आबांनी १९७८ साली बुकिंग केलं तेव्हा बाबा रांगत होते. गाडी दारात आली १९८५ मध्ये, तेव्हा बाबा दुसरीत होते! आजच्या "सेम डे डिलिव्हरी"च्या जमान्यात हे सांगितलं की माझ्या रूममेट्स हसून लोळतात.

आबा शाळामास्तर. रोजची शाळा घाटाच्या वर. वाटेत गाडी बंद पडली तर मेकॅनिक मिळायचा तो बीडला, म्हणून आबा स्वतःच मेकॅनिक झाले. डिकीत एक पाना, एक प्लग, पॉलिश पेपर आणि एक जुनं पोस्टकार्ड कायम असायचं. पोस्टकार्ड कशाला, हे मला यंदा कळलं.

यंदा कळायचं कारण असं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. चेतकची ती पाळी पुन्हा आली होती आणि गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली बंद. कारण आबांचे हात आता थरथरतात. बाबा म्हणाले, "भंगारात देऊ आणि इलेक्ट्रिक चेतक घेऊ." बाबांचंही चूक नव्हतं. जुन्या चेतकचं उत्पादन केव्हाच थांबलं, २०२० पासून विजेवरची आली. तिला धूर नाही, किक नाही. आबा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "एकदा चालू करून मग न्या म्हणावं."

मी मेकॅनिकलची. बाबांना म्हटलं, दिवाळीची सुट्टी मला द्या. आबा ओट्यावर बसले आणि वाटणी झाली: "हात तुझे, कान माझे."

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे आबा मला "इंग्लिश मीडियम" म्हणतात. पहिल्या दिवशी मी टू-स्ट्रोकची थिअरी सुरू केली तर म्हणाले, "काय बोलायलीस! आधी प्लग काढ. प्लग सगळं सांगतो." खरंच सांगतो! काळा आणि ओला असेल तर पेट्रोल-ऑइल नीट जळत नाही किंवा ठिणगी कमजोर. विटकरी-तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. आमचा काळाकुट्ट. घासून स्वच्छ केला. गॅप साधारण ०.६ मिलिमीटर ठेवायची, तेव्हा मी फीलर गेज शोधायला लागले. आबांनी हॅकसॉ ब्लेड पुढे केलं. त्याची जाडी जवळपास तेवढीच असते!

मग टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. कार्बोरेटर उघडला. जेटच्या बारीक भोकात कचरा होता. मी तार उचलली तर आबा ओरडले, "तार नको! भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिती. फुंकर मार." पुढे मॅग्नेटचं झाकण काढलं आणि फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट दिसले. त्यांच्यावरची काजळी पुसायला ते पोस्टकार्ड! पॉइंटच्या मध्ये धरून हलकेच ओढायचं, म्हणजे घासलंही जातं आणि धागे अडकत नाहीत. गिअरची एक केबल तुटायला आली होती, ती बदलली. नव्या पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिली ऑइल घातलं. या इंजिनाच्या क्रँककेसमधूनच पेट्रोल आणि हवा आत जातात, तिथे ऑइल वेगळं साठवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलबरोबरच पाठवायचं. परीक्षेत हे मी पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. बोटाला तेल लागलं तेव्हा समजलं.

गाडी डावीकडे कलती केली, किक मारली. सहाव्या किकला सुरू झाली. आजी देवघरातून बाहेर आली!

पण खरी परीक्षा घाटात. आबा मागे बसले. चढावर इंजिनातून टिकटिक ऐकू येऊ लागली. मला काही विशेष वाटलं नाही. आबा मागून म्हणाले, "परत फिर. हेडला कार्बन धरलाय." घरी येऊन हेडचे चार नट कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे सैल करत काढले. आत काळा थर. पुस्तकात ज्याला नॉकिंग म्हणतात ते आबांनी कानाने ओळखलं होतं, तेही वाऱ्यात, मागच्या सीटवर बसून. मी थर खरवडत होते आणि ते हात मांडीखाली दाबून बसले होते. थरथर मला दिसू नये म्हणून. तेव्हा मी मान वर केली नाही.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं वगैरे सुरू झालं! तसं नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं, धूर होतो, हे मलाही मान्य. शहरात रोज अशा गाड्या फिरू नयेत. इलेक्ट्रिक घरात आली तर मीही चालवेन. पण मला एक प्रश्न पडतो. दास्कानिओने गाडी अशी केली की रस्त्याच्या कडेला कोणीही चाक बदलावं. त्यामुळे पालीतला एक शाळामास्तर इटलीतल्या इंजिनिअरचं डोकं पाना घेऊन वाचू शकला. उद्या आपण सगळे जण मशीन डिझाइन करणार. आपलं मशीन कोणी उघडून वाचू शकेल का?

असो! तपासणीत चेतक पास झाली. तिला पाच वर्षांची मुदत मिळाली. आबांच्या हातांना तशी मुदत कोणतं ऑफिस देणार? म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आहे. आबा सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. कोणत्या आवाजाला काय करायचं, कोणता नट किती आवळायचा. "मनगटाला कळतं तेवढा" हे मात्र कसं लिहायचं ते अजून समजलेलं नाही. बाबांनी भंगारवाल्याचं नाव काढलेलं नाही, पण ताडपत्री टाकूनही दिलेली नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी ताडपत्रीखाली काहीतरी असेलच. चेतक, लॅम्ब्रेटा, येझदी, नाहीतर शेतातलं डिझेल इंजिन. सबमिशन संपवून घरी गेलात की ते एकदा उघडा. गाडी असेल तर आधी प्लग काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. पुढचं ते सांगतील.