आदत, दुसा, शिंगरू

बैलगाडा शर्यतीचा शौकीन खोंड घ्यायला निघाला की आधी त्याचा जबडा उघडून बघतो. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. 18 मे 2023च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यतींचा रस्ता मोकळा झाला, याचा आनंद आहेच. पण आदतला भरधाव पळवताना जीव वरखाली होतो.

रेसच्या घोड्याचं वय दातांवर नाही, तारखेवर मोजतात. 1 जानेवारीला सगळी शिंगरं एकदम एक वर्षाने मोठी होतात, मग जन्म जानेवारीतला असो की एप्रिलचा. दोन वर्षांच्या घोड्यांत तीन महिन्यांचा फरक फार मोठा.

शिंगराला शिकवताना आधी गोल फिरवणं, मग तोंडात लगाम, मग पाठीवर खोगीर. लांब दोऱ्या धरून मागून चालवायचं. हलका स्वार सुरुवातीला पाठीवर नुसता आडवा पडतो, टांग टाकतो ती नंतर. चाबूकस्वाराचं कसब या दिवसांत दिसतं.

सकाळच्या रपेटीनंतर मोतद्दार पुढच्या पायाच्या नळीवरून अंगठा फिरवतो. जागा गरम लागली, घोड्याने पाय ओढून घेतला, की ट्रेनरला निरोप जातो. वेगाचा भार नवा असतो आणि कोवळं हाड अजून त्याच्याशी जुळवून घेत असतं, म्हणून पुढची बाजू दुखावते. अमेरिकेत डेव्हिड नुनामेकर यांनी याचा अभ्यास केला. मैलोगणती संथ दौडीने दम वाढतो, पण वेगासाठी हाड तयार होत नाही. त्याला वेगाचेच छोटे तुकडे लागतात, थोडे थोडे, नेमाने वाढवत नेलेले. म्हणजे नुसती विश्रांती हाही उपाय नव्हे. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

मोठ्या शर्यतीतही वय तारखेवरच मोजतात. इंडियन डर्बी 1943पासूनची. महालक्ष्मीला फेब्रुवारीत, 2400 मीटर, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. त्यातले कितीतरी डिसेंबरात तीन वर्षांचे म्हणून 1600 मीटरची गिनीज धावलेले असतात, आणि डर्बीच्या दिवशीही त्यांचा खरा चौथा वाढदिवस पुढेच असतो.

हाड मात्र तारीख पाहत नाही. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वर, हाडाच्या टोकाशी, वाढीची कूर्चा असते. ती साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान बंद होते आणि एक्स-रेत स्पष्ट दिसते. ती उघडी असेल तर ट्रेनरने मालकाला थांबायला सांगावं. खाणं, तबेला, मोतद्दार यांचा खर्च चालूच राहतो, मालकाला महिने जड जातात, हे खरं. तरीही त्याने ऐकावं.