सीट निघेल का?

मराठीत मतंही पडतात आणि उमेदवारही पडतो. क्रियापद एकच. मतं भरपूर पडली की उमेदवार तरतो, कमी पडली की स्वतःच पडतो. आणि मतमोजणीच्या कितीतरी आधी, चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या पंगतीत, कुणीतरी आवाज उतरवून विचारतो, "माणूस चांगला आहे हो, पण सीट निघेल का?"

हा प्रश्न विरोधकाचा नसतो. विरोधक 'पडणार' म्हणून छातीठोक सांगून मोकळा होतो. 'निघेल का' असं विचारणारा घरचाच असतो.

2024 च्या उन्हाळ्यात हा प्रश्न सांगलीत घराघरांत होता. सांगली म्हणजे वसंतदादा पाटलांचं गाव. 1962 पासून 2014 पर्यंत लोकसभेची ही जागा काँग्रेसकडेच राहिली. 2014 च्या लाटेत भाजपच्या संजयकाका पाटलांनी ती घेतली. 2019 मध्ये आघाडीच्या जागावाटपात ती स्वाभिमानी पक्षाला गेली आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील 'बॅट' घेऊन लढले. वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांनी तीन लाख मतं घेतली आणि संजयकाका 1 लाख 64 हजारांच्या फरकानं पुन्हा निवडून आले. विरोधी मतं फुटली की काय होतं, हे सांगलीकर तेव्हा आकड्यांसह शिकले.

पाच वर्षांनी पुन्हा तेच. कोल्हापूरची जागा शाहू छत्रपतींसाठी काँग्रेसला सोडली, म्हणून त्या बदल्यात शिवसेनेच्या ठाकरे गटानं सांगली मागून घेतली. उमेदवार दिला पैलवान चंद्रहार पाटील. 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतलेला गडी. नाव जिल्ह्याला तोंडपाठ, पण पक्षात येऊन महिनाही झाला नव्हता. कुस्तीत जोड लावताना वजन बघतात. इथं जोड मुंबईत लागली, आणि वजन बघायचं राहून गेलं. यात पैलवानाचा दोष फारसा नव्हता. आखाडा त्यानं आखलेला नव्हता.

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर नजर ठेवून बसलेला साठीचा एखादा दिवाणजी डोळ्यांसमोर आणावा. जन्मभर हाताला मत दिलेलं, आणि सलग दुसऱ्या लोकसभेला यंत्रावर हातच नाही. आघाडीचे नेते सांगतात, मशाल दाबा, बंडखोराला दिलेलं मत वाया जाईल. बंडखोर म्हणजे विशाल पाटील, अपक्ष उभे आहेत, चिन्ह लिफाफा. दिवाणजीला स्वतःच्या मनाची खात्री आहे. खात्री नाही ती शेजाऱ्याची. शेजाऱ्यानं शिस्त पाळून मशाल दाबली आणि आपण लिफाफा, तर 2019 ची पुनरावृत्ती. आणि तिकडे शेजारीही आपल्याबद्दल हाच हिशेब करत असला तर?

गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो. बघ्याला काही दिसत नाही, पण ज्याचं बोट धरलंय त्याला तरी आकडा कळतो. मतदानातही काम बोटाचंच, फक्त दुसऱ्याचं बोट हाती लागत नाही. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये शेअर बाजाराला वर्तमानपत्रांतल्या सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. तिथं आपल्याला आवडलेला चेहरा निवडून बक्षीस मिळत नाही. इतरांना कोणता आवडेल हे ओळखावं लागतं, आणि इतरही तेच ओळखायच्या मागे असतात. आपल्याकडे याला एका शब्दात 'हवा' म्हणतात.

हवा काय करू शकते हे सांगलीच्या शेजारी साताऱ्यानं पाहिलं होतं. 2019 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत पक्ष सोडून भाजपमध्ये गेलेल्या उदयनराजे भोसल्यांसमोर राष्ट्रवादीनं श्रीनिवास पाटलांना उभं केलं. माजी सनदी अधिकारी, माजी राज्यपाल, वय सत्तरीच्या पुढे. समोर छत्रपतींचे वंशज, काही महिन्यांपूर्वीच निवडून आलेले. 18 ऑक्टोबरच्या प्रचारसभेत भर पावसात शरद पवार बोलत राहिले आणि आधीचा उमेदवार निवडण्यात चूक झाली, हे त्यांनी जाहीर कबूल केलं. श्रीनिवास पाटील 87 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्या पावसात उमेदवार तरुण झाला नव्हता. ओलेचिंब झालेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे मात्र दिसले. आपण एकटे नाही, एवढं कळलं की मघाचा कच्चा उमेदवार पक्का वाटू लागतो.

सांगलीत असा पाऊस पडला नाही. 7 मे 2024, रखरखीत ऊन. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर असतात, मग नोंदणीकृत पक्षांचे, आणि अपक्ष तळाशी. म्हणजे दिवाणजीचं बोट मशालीवरून, कमळावरून, अनोळखी नावांवरून उतरत लिफाफ्यापर्यंत गेलं असणार. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. तेवढे सात सेकंद मत डोळ्यांना दिसतं. मग ते कुणाच्या पारड्यात, कुणाच्या शेजारी पडलं, हे कळायला 4 जून उजाडावा लागतो.

4 जूनला विशाल पाटलांना 5 लाख 71 हजार मतं, संजयकाकांना 4 लाख 71 हजार. फरक लाखाचा. चंद्रहार पाटील साधारण 61 हजारांवर थांबले. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. तो कितीतरी दूर राहिला. दोन दिवसांनी नव्या खासदारांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं आणि पक्षाचे 99 चे 100 झाले. ज्या पक्षानं जागा सोडली, त्याचंच शतक त्या जागेनं पुरं केलं.

मतदार शहाणा झाला, बंडखोरीचं गणित सुटलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पाच महिने गेले.

नोव्हेंबरात सांगली विधानसभेसाठी काँग्रेसनं पृथ्वीराज पाटलांना उमेदवारी दिली. पाच वर्षांपूर्वी भाजपच्या सुधीर गाडगीळांसमोर ते अवघ्या सातेक हजारांनी पडले होते. आता यंत्रावर हात होता. पण दिवंगत माजी मंत्री मदन पाटील यांच्या पत्नी जयश्री पाटील अपक्ष उभ्या राहिल्या, आणि वसंतदादांच्या घराण्यातल्या या उमेदवाराच्या पाठीशी खासदार विशाल पाटीलही गेले. मे महिन्यात 'कच्चा कोण' या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एकच होतं, म्हणून सगळ्यांची काळजी एका बटणावर गोळा झाली. नोव्हेंबरात एकाकडे चिन्ह होतं, दुसरीकडे घराण्याचं नाव. कच्चा कुणाला म्हणायचं, यावरच एकमत होईना. काळजी तेवढीच होती, फक्त ती दोन बटणांवर वाटली गेली.

23 नोव्हेंबरला गाडगीळ सुमारे 36 हजारांच्या फरकानं निवडून आले. जयश्री पाटलांची मतं या फरकाहून थोडी कमीच होती. म्हणजे पृथ्वीराज आणि जयश्री पाटील या दोघांच्या मतांची बेरीज केली तरी ती गाडगीळांच्या आकड्याला पुरत नव्हती. यार्डातल्या दिवाणजीनं कागदावर तीही करून पाहिली असेल. पण एकच उमेदवार असता तर हवा कशी असती, हे बेरजेत कुठं मांडायचं, म्हणून पेन तिथंच थांबलं असेल. तोवर बाहेर हळदीचे सौदे सुरू झालेले असतील.