निकालाचं शेवटचं पान

बातमी कशी लिहावी हे मला 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनं शिकवलं, असं सांगितलं की पत्रकार मित्र हसतात. पण आदेश 6, नियम 2 वाचून पाहा. महत्त्वाच्या घटना तेवढ्या थोडक्यात मांडा, पुरावा त्यात कोंबू नका, परिच्छेदांना क्रमांक द्या, तारखा आणि रकमा आकड्यांतही लिहा. (हा नियम पाळणारे दावे कोर्टात फारसे दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पहिली चार पानं वादीच्या घराण्यातच जातात.)

कायदा शिकत असताना मी संध्याकाळी वृत्तपत्रविद्येच्या वर्गाला बसायचे. दोन्हीकडचा क्रम नेमका उलटा. बातमीत निष्कर्ष पहिल्याच वाक्यात. निकालपत्रात आधी हकिगत, मग युक्तिवाद, मुद्दे, कारणं आणि आदेश अगदी शेवटी. निकाल हाती आला की शेवटचं पान आधी उघडायची सवय मला तेव्हाच लागली. मात्र तेवढ्यावर थांबलं तर घात होतो. दोषारोपपत्र मुदतीत दाखल झालं नाही म्हणून मिळालेला जामीन वाचकाला निर्दोषत्वाचा दाखला वाटतो. खरं कारण मधल्या पानांत असतं.

सुनावणीतल्या बोलण्याचं तर विचारूच नका. न्यायमूर्तींचे पुष्कळसे प्रश्न वकिलाला चाचपण्यासाठी असतात. संध्याकाळी त्यांचा मथळा होतो आणि लेखी आदेशात त्यांचा मागमूसही नसतो. अशी तोंडी निरीक्षणं छापण्यापासून माध्यमांना रोखायला सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये नकार दिला. मला तो निर्णय पटतो. छापावं, पण हा आदेश नव्हे हे पहिल्या परिच्छेदातच सांगावं.

कधी कधी मात्र तोंडी बोलणं हाच आदेश असतो. 1964 साली ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आपली साक्ष छापली तर धंद्याला झळ बसेल, अशी तक्रार एका साक्षीदारानं केली आणि न्या. वि. म. तारकुंडे यांनी ती न छापण्याचा तोंडी आदेश दिला. (पुढं नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत अग्रभागी दिसतात ते हेच तारकुंडे.) ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1966 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढं हरले. न्या. हिदायतुल्ला यांचं मत तेवढं वेगळं पडलं. कायद्याच्या वर्गात आम्ही यावर तासभर भांडलो: न्यायालयाच्या आदेशानं अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 19 चा भंग होऊ शकतो का? संध्याकाळच्या वर्गात तेच प्रकरण सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग त्या वार्ताहरानं पुढच्या अंकासाठी काय लिहायचं?” सकाळी हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

आता वार्ताहर मला मजकूर छापण्याआधी वाचायला पाठवतात. “खरं आहे ना सगळं, मग भीती कशाची?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फौजदारी अब्रुनुकसानीत नुसता खरेपणा पुरत नाही, त्यात लोकहितही दाखवावं लागतं. भारतीय दंड संहितेचं कलम 499 असताना तसंच होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही तसंच आहे. म्हणून मी विचारते, ‘हा तपशील वाचकाला कशासाठी हवाय?’ चांगला उपसंपादकही हेच विचारतो, त्याला कलम ठाऊक नसलं तरी. मग बहुधा एखादा परिच्छेद गळतो, बातमी आखूड होते आणि वार्ताहर दोन दिवस फोन उचलत नाही.